शंभर टक्क्यांच्या बाहेर

सदाशिव पेठेतल्या त्या शाळेच्या फाटकावर दर जूनमध्ये एक फ्लेक्स चढतो. दहावीचा निकाल शंभर टक्के. खाली पहिल्या पाचांचे फोटो आणि त्याखाली, फोटोंहून ठसठशीत, शाळा समितीच्या सदस्यांची नावं. परीक्षा मुलांनी दिली की समितीनं, असा प्रश्न जाणाऱ्या-येणाऱ्याला पडावा. त्या नावांत अगदी शेवटचं नाव होतं कौशल्या पवळे.

कौशल्याताईंना दोन वर्षांपूर्वी समितीवर घेतलं ते ‘एक तरी बाई हवी’ म्हणून. शिवाय कसब्यात तांब्यापितळेच्या भांड्यांचं चालतं दुकान, वागणं नीटनेटकं, बोलणं मोजकं. समित्यांना असा सदस्य फार आवडतो. त्यातून त्या माजी विद्यार्थिनी. हे खरंच होतं, फक्त नववीपर्यंतच्या. कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

नववीत त्या गणितात गटांगळ्या खात कशाबशा पास झाल्या, तेव्हा त्या वेळच्या मुख्याध्यापिकांनी आईला बोलावून घेतलं आणि चहा दिला. पालकाला शाळेत चहा मिळाला की सावध व्हावं, पण आईला ते कुठलं माहीत असायला? बाई फार गोड बोलल्या. मुलगी गुणी आहे, पण दहावीचं ओझं तिला झेपायचं नाही. त्यापेक्षा दाखला काढून घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, घरी अभ्यास करू दे आणि बाहेरून बसू दे. परीक्षा तीच, पेपर तेच. तिचा निकाल मग शाळेच्या निकालात धरला जाणार नाही, एवढंच बाई बोलायच्या राहिल्या. आई आभार मानून दाखला घेऊन आली.

परीक्षा तीच होती, पण वर्ष ते नव्हतं. शाळेत स्वयंशासन दिनाला दहावीच्या मुली साड्या नेसून बाई व्हायच्या आणि खालच्या वर्गांना शिकवायच्या. कौशल्या पाचवीपासून त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. भूगोल शिकवायचा हे ठरलं होतं, आईची मोतिया साडीही ठरली होती. तो दिवस आला तेव्हा ती घरात बीजगणित सोडवत होती, आणि तिच्याच वर्गातल्या दोघी हातात निऱ्या धरून खिदळत गल्लीतून गेल्या. पुढे ती पास झाली, लग्न झालं, मुलं मार्गाला लागली, दुकान तिनं नावारूपाला आणलं. सगळं झालं. तरी सप्टेंबरात साड्या नेसलेल्या शाळकरी पोरी दिसल्या की गिऱ्हाईक समोर असूनही कौशल्याताईंचा हात थांबतो. ते एक वर्ष त्यांना अजून हवं आहे. इतक्या जुन्या आणि एवढ्याशा गोष्टीसाठी जीव तुटतो, हे सांगणार कोणाला?

तर यंदाच्या जूनमध्ये समितीची सभा भरली. मुख्याध्यापिकांची खोली, चहा, बटाट्याचे वेफर्स आणि विषय ‘गुणवत्तावाढ’. अध्यक्ष यज्ञेश्वर करंदीकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. गुणवत्ता म्हणजे त्यांच्या लेखी आकडा, आणि आकडा तर काठोकाठ भरलेला. शंभराच्या वर न्यायचा कसा ते कोणी सांगितलं तर आपण जरूर विचार करू, असं ते म्हणाले आणि त्यांनी वेफर उचलला.

मुख्याध्यापिका उत्कर्षाबाईंनी मग आवाज जरा खाली आणून सांगितलं की यंदा नववीतून दहावीत आलेली पाच मुलं ‘तशी’ आहेत. पालकांना बोलावून समजावलं आहे. चौघांनी विचार करतो म्हणून सांगितलं, आणि वैष्णवी नावाच्या मुलीच्या आईनं त्याच दिवशी दाखल्यासाठी अर्ज दिला. बाकीचे सदस्य माना डोलावून पुढच्या विषयाकडे निघाले. कौशल्याताईंनी मात्र समितीवर आल्यापासूनचा पहिला प्रश्न विचारला. नववीला गणित कोण शिकवत होतं?

उत्कर्षाबाईंनी टेबलाकडे बघत सांगितलं. दिवाळीपासून ती जागा रिकामी होती. सरकारकडून शिक्षक मिळेना, म्हणून चित्रकलेचे सर वर्गावर बसत होते. त्यांनी मुलांना दंगा करू दिला नाही, एवढं गणित झालं. समितीच्या कानावर हे घातलं का नाही, असं करंदीकरांनी विचारलं. समितीनं निकालाखेरीज कधी काही विचारलंच नाही, असं बाईंनी अगदी मऊ आवाजात सांगितलं.

करंदीकरांनी घसा साफ केला. “हे दुर्दैवी आहे, मान्य. पण ही पद्धत शाळेत फार जुनी आहे. आणि इतक्या वर्षांत एकही मूल आपल्याकडे तक्रार घेऊन आलेलं नाही.”

“मी आलेय,” कौशल्याताई म्हणाल्या. “यायला जरा वेळ लागला.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. दाखला, चहा, सतरा नंबर. साडीचं तेवढं सांगितलं नाही, ते त्या मंडळींसमोर तोंडातून निघेना. वेफर्सची बशी कोणीतरी हळूच बाजूला सारली.

“म्हणजे त्या वर्षीचे शंभर टक्के तुमच्या जिवावर होते तर,” करंदीकर म्हणाले. टोमणा त्यांच्या तोंडी इतका बसलेला, की हळहळसुद्धा टोमण्यातूनच बाहेर पडायची. मग चष्मा पुसून त्यांनी ठराव सांगितला. यापुढे एकाही मुलाला बाहेर काढायचं नाही, गणिताचा शिक्षक संस्थेनं आपल्या खर्चानं नेमायचा, आणि निकाल येईल तो येईल. फ्लेक्सवर आमची नावं जरा बारीक घाला, असंही त्यांनी जाता जाता सुचवलं.

शाळेतून फोन गेले. चौघांचे पालक आनंदानं आले. वैष्णवीकडून निरोप आला, की तिला यायचं नाही. शाळेच्या दृष्टीनं विषय तिथं संपला, कौशल्याताईंचा मात्र डोळ्याला डोळा लागेना. रविवारी दुकान मुलावर टाकून त्या स्वतः निघाल्या.

कसब्यातच, पिठाच्या गिरणीच्या वर, दोन खोल्या. वैष्णवीची आई दीपाली साड्यांच्या दुकानात कामाला होती. तिनं खुर्ची पुढे केली आणि समितीची बाई घरी आली म्हणून ती उगाच घाबरली. वैष्णवी खिडकीपाशी बसून मेंदीचे कोन वळत होती. तिनं मान वर केली नाही.

“आता कशाला?” ती म्हणाली. “आम्ही पाच जण रिझल्टची वाट लावणार, हे अख्ख्या वर्गाला माहितीये. मला बाहेरूनच बरंय.”

जिना चढताना कौशल्याताईंनी बरंच काही जुळवलं होतं, आत्मविश्वास, भवितव्य वगैरे. त्यातलं काहीच त्यांना आता बोलवेना. त्या एवढंच म्हणाल्या, की मलाही याच शाळेनं असं काढलं होतं. त्या जूनभर मी जिन्यावरच्या पावलांकडे कान देऊन बसायचे. वाटायचं, शाळेतून कोणीतरी येईल आणि म्हणेल, चूक झाली, चल. कोणी आलं नाही.

वैष्णवीचे हात थांबले. “आणि कोणी आलं असतं तर? गेला असता?”

“धावत,” कौशल्याताई म्हणाल्या. “चपला न घालता.”

आता आपण रडणार, असं त्यांना वाटलं आणि पोरीसमोर रडायचं नव्हतं. दीपाली चहा टाकायला आत गेली. मग वैष्णवीनं, सहज विचारावं तसं विचारलं, “दहावीचा वर्ग आतून कसा आहे?”

“मला नाही माहीत. मी कधी आत गेले नाही.”

“समितीत आहात ना?”

“दोन वर्षं झाली. पण आमच्या सभा खालीच होतात, ऑफिसात.”

“मग तुम्ही वर्ग बघता कधी?”

वर्गही बघायचा असतो, हे समितीत कोणाच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. वैष्णवीनं कोन गोळा करून डब्यात ठेवले आणि झाकण लावलं.

“उद्या येते मी,” ती म्हणाली. “पण तुम्ही फाटकापर्यंत सोडून जायचं नाही. वर यायचं, आणि माझ्याशेजारी बाकावर बसायचं, पूर्ण तास. गणिताचाच.”