अनसामायचं रडणं

मी मुद्दाम केलं. हे आधीच सांगून टाकते, कारण गेले तीन महिने मी ज्याला त्याला सांगत फिरले की चुकून झालं, फोन हातात होता, बोट लागलं. थापा साऱ्या! बोट लागून कोणी सव्वातीन मिनिटं शूटिंग करतं व्हय? उलट मी आधी फोन फ्लाइट मोडवर टाकला होता, मधातच कोणाचा फोन येऊन रेकॉर्डिंग तुटू नये म्हणून. इतकं भान होतं मला.

मी पुनम. गाव कुरुंदा. घरी हळद, सोयाबीन, दोन म्हशी अन माझी शिलाई मशीन. त्यातून वेळ काढून मी मोबाइलवर एक पेज चालवायचे, 'कुरुंद्याची पुनम' नावाचं. उखाणे, मिरचीचा ठेचा, हळद कशी शिजवायची, असलं काहीबाही. चाळीस हजार फॉलोअर होते. वसमतच्या बसस्टँडवर एखादी पोरगी येऊन 'तुमी त्या पुनमताई ना?' म्हणाली, की मला दिवसभर भूक लागायची न्हाई. हेही सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल.

अनसामाय म्हणजे अनुसयाबाई, आमची शेजारीण. दोन घरांत मिळून एकच भिंत, तीही कमरेएवढी. बाई पासष्टीच्या पुढची. घरी तीसेक शेळ्या-मेंढ्या अन थोडी कोरडवाहू जमीन, एक मुलगा शिवहार अन सून दिपाली. माझं लग्न झालं तेव्हा माझी सासू मला कोणाशी बोलू द्यायची न्हाई. अनसामाय भिंतीवरून दुधाची वाटी द्यायच्या निमित्तानं उभी राहायची अन म्हणायची, "जेवलीस का माय?" माझ्या लेकीच्या, वैष्णवीच्या वेळी माझी आई अंथरुणावर होती, तर बाळंतपणात माझ्या अंगाला तेल हिनंच चोळलं, सव्वा महिना. मी कोणाचा घात केला ते समजून घ्या.

तिचा एकुलता एक भाऊ मसाजी फाल्गुनात वारला. त्याचं गाव जवळा बाजारच्या पलीकडं. आमी गल्लीतल्या अकरा बाया जीप करून गेलो.

आमच्याकडं मयताला बाया गळ्यात पडून, सांगून सांगून रडतात. नुसते डोळे पुसून कोणी परत येत न्हाई. मनात जे साचलेलं असतं ते मेलेल्या माणसाला सांगायचं असतं. सासूनं काय केलं, नवरा कसा वागला, सून कशी बोलली, सारं. त्यात तिखटमीठ असतं, एकाचं दोन असतं, वीस वर्षांपूर्वीचं कालचं म्हणून असतं. अन ते बोलणं तिथंच राहतं. अंगणात येऊन तोंडावर पाणी मारलं की संपलं. जिच्या नावानं आत्ता टाहो फोडला, तिच्याच हातचा चहा पिऊन बाई गावाला परतते. कोणी तिला विचारत न्हाई, 'काहून वो, तुमी तर तिथं असं म्हणत होत्या?' असं विचारणारीला आमच्यात कोणी जवळ बसू देणार न्हाई.

माझी आई गेली तेव्हा मी माझ्या नवऱ्याबद्दल काय काय बोलले, ते आठवलं तरी लाज वाटते. पन्नास बायांनी ऐकलं. आजवर एकीनं बी आमच्या ह्यांच्या कानावर घातलं न्हाई.

तर अनसामाय मसाजीच्या उशाशी बसली अन तिनं आवाज लावला. चांगला खणखणीत गळा तिचा, रानात मेंढ्यांना हाका मारून तापलेला.

"माझ्या भाऊराया रे, आता मला कोण म्हणल, अनसा, जेवलीस का? घरात भाकरी लई रे दादा, इचारणारं कोण्णी न्हाई. सून वाढती, माझ्याकडं पाठ करून वाढती. पोटचं पोरगं म्हणतं, हिला काय कळतंय. तुझ्या दारात आले की तू ताट पुढं ओढायचास रे, आता कोणाच्या दारात जाऊ..."

सोप्यात बसलेल्या साऱ्या बाया रडत होत्या. मी बी रडत होते, खोटं न्हाई सांगत. रडत रडत मी पदराखालून फोन काढला, फ्लाइट मोडवर टाकला अन गुडघ्याला टेकवून नीट धरला. एका हातानं डोळे पुसत होते अन दुसऱ्या हातानं तिचा चेहरा मधोमध येतो का ते बघत होते. आता विचार केला की माझाच मला संताप येतो.

दुसऱ्या दिवशी मी तो व्हिडिओ टाकला. वर लिहिलं, 'बहिणीची माया, डोळ्यात पाणी येईल'. दोन दिवसांत दोन लाख लोकांनी बघितला. माझ्या ठेच्याला कधी दोन हजाराच्या वर कोणी बघितलं नव्हतं! मी हळदीच्या कढईपाशी उभी राहून दर पाच मिनिटांनी आकडा बघायचे. हे म्हणाले, "अगं, अनुसयाबाईला इचारलंस का?" मी म्हणाले, "त्यात काय इचारायचं, चांगलंच तर हाय. लोक रडून राहिले तिच्यासाठी."

तिसऱ्या दिवशी कळलं की व्हिडिओ चोरीला गेला. कोण्या दुसऱ्या पेजवाल्यानं माझं नाव कापून, खाली बासरी लावून आपल्या नावानं टाकला होता. त्याचा दहा लाखांवर गेला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या खाली लिहिलं, 'चोरा, लाज वाटते का? हा व्हिडिओ माझा आहे. मी स्वतः काढला आहे. कुरुंद्याची पुनम.' दुसऱ्याचं रडणं उचलून आणलेली बाई मी, अन चोर म्हणून दुसऱ्याला शिव्या घालत होते. तेव्हा मला यात काहीसुद्धा वावगं दिसलं न्हाई.

मग खालच्या कमेंट बदलल्या. आधी नुसते रडणारे चेहरे असायचे. मग एकानं लिहिलं, 'अशा सुनेला चपलेनं मारलं पाहिजे'. दुसऱ्यानं लिहिलं, 'मुलाचं नाव सांगा, बघून घेतो'. अन आपल्याच भागातल्या कोण्या शहाण्यानं शिवहारचं नाव, गाव अन फोन नंबर टाकून दिला.

त्या आठवड्यात शिवहार तीन बोकड घेऊन जवळा बाजारला गेला. तिथं एका व्यापाऱ्यानं सगळ्यांसमोर त्याच्या आईचा हेल काढून दाखवला अन विचारलं, "काय शिवहार, माय जेवली का?" बाजार हसला. शिवहार बोकड तसेच परत घेऊन आला. अंगणात उभा राहून ओरडला, "माय, म्या तुला उपाशी ठेवलं व्हय? सांग, ही सारी गल्ली ऐकून राहिली, सांग!"

अनसामायला काही कळेना. त्यानं तिच्यासमोर फोन धरला. ती भिंतीपलीकडं बसलेली मला दिसत होती. तिनं स्वतःला रडताना बघितलं, अगदी शेवटपर्यंत. मग फोन उलटा करून खाली ठेवला, झाकून ठेवावा तसा.

संध्याकाळी ती भिंतीपाशी आली. "पुनम, तू तर माझ्या बाजूलाच व्हतीस. कोण व्हतं गं फोन घेऊन?"

शिवहारकडं आलेला व्हिडिओ तो बासरीवाला होता, त्यावर माझं नाव नव्हतं. ते माझ्या क्षणात लक्षात आलं. म्हणाले, "न्हाई माय, मला न्हाई दिसलं."

"तिकडच्या बायांपैकी कोणी असल," ती म्हणाली. "आपल्या बाया असं करायच्या न्हाईत."

घरात जाऊन मी माझ्या पेजवरून तो व्हिडिओ काढून टाकला अन वाटलं, सुटले. चार दिवस मी तिच्याशी बोलत होते, तिच्या हातचं दूध घेत होते. पाचव्या दिवशी शिवहार आला. त्यानं फक्त फोन पुढं केला. त्यावर माझीच कमेंट होती, 'हा व्हिडिओ माझा आहे. मी स्वतः काढला आहे.'

माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या मागं अनसामाय उभी होती. तिला वाचता येत न्हाई. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं अन तिला कळलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चल शिवहार," अन दोघं गेले.

मी दिपालीकडं गेले, दुपारी ती एकटी असताना. रडले, पाया पडले. म्हणाले, "दिपाली, मयताच्या बोलण्याचं काय मनावर घेतीस? तुला तर माहीत हाय."

"मला माहीत हाय वो पुनमताई," ती म्हणाली. "माझी आई बी रडती तेव्हा माझ्या भावजयीला असंच बोलती. मी आत्याबाईवर न्हाई रुसले." मग तिनं मला आत बोलावलं अन चूल दाखवली. चूल कोपऱ्यात, भिंतीला लागून. "हितं तवा, अन आत्याबाई हितं मागं बसत्यात. एक भाकर वाढताना दुसरी तव्यावर असती. ती करपू नये म्हणून माझं तोंड चुलीकडं. पाठ न्हाई करणार तर काय करू?"

मी त्या चुलीकडंच बघत राहिले.

"आता वाढायला गेले की वाटतं, दहा लाख माणसं बघून राहिलीत, मी कशी वाढते, किती वाढते. परवा आमटी सांडली त्यांच्या अंगावर. आता हेही कोणी काढलं तर? मीच म्हणाले, आत्याबाई, तुमी तुमचं करून खा. मला न्हाई जमायचं."

परसात, मेंढ्यांच्या वाड्याला लागून, तीन दगडांची चूल मांडलेली होती. अनसामाय तिथं बसून एक भाकर थापत होती. एकच. 'इचारणारं कोण्णी न्हाई' असं ती भावाला म्हणाली होती तेव्हा ते खरं नव्हतं. ते मी खरं करून दाखवलं.

त्यानंतर मी सगळीकडचे व्हिडिओ उतरवायच्या मागं लागले. सोळा ठिकाणी होता. कोणी बासरी लावलेली, कोणी ढोलकी, एकानं तर त्यावर नाचायचं गाणं केलं होतं. काढायला लावायचा एक फॉर्म असतो. मी भरत गेले, नाव, फोन, लिंक. शेवटी एक प्रश्न होता, हा मजकूर तुमच्या मालकीचा आहे का? होय किंवा न्हाई. 'न्हाई' म्हणलं की फॉर्म पुढंच जात न्हाई.

कमेंटमध्ये बिनदिक्कत लिहिलं होतं मी 'माझा आहे' म्हणून. आता बोट उचलेना. मी फोन घेऊन परसात गेले. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा तिच्यासमोर उभी राहिले.

"माय, हे काढायला लावायचं हाय. ते इचारून राहिलेत, हे रडणं कोणाचं हाय."

तिनं जाळाकडं बघतच उत्तर दिलं. "मसाजीचं."

"तसं न्हाई माय, म्हणजे तुझं नाव घालू का?"

"माझं कसं? म्या त्याला सांगत व्हते. तुला न्हाई, त्या जीपमधल्या बायांना न्हाई, दुनियेला न्हाई. त्याला दिलेलं व्हतं ते. त्याच्यासंगं जायला पायजे व्हतं." चुलीत लाकूड सारत ती म्हणाली, "त्याच्या चितेतलं लाकूड वढून आणलंस तू, पुनम."

फॉर्ममध्ये मसाजीसाठी जागा नव्हती. मी तिथंच उभी राहून 'होय' दाबलं.

सोळापैकी अकरा उतरले. नाचायचं गाणं अजून आहे. परवा एका लग्नाच्या वरातीत वाजलं, अन आमच्या गल्लीतल्या बायांनी माझ्याकडं बघितलं. माझं पेज मी बंद केलंय. त्यानं काय होतं म्हणा, कोणाचं पोट भरत न्हाई.

काल घरी पुरणपोळी केली होती. अनसामायला लई आवडते. मी ताट वाढलं, वर तुपाची वाटी ठेवली, झाकलं अन भिंतीला वळसा घालून परसात गेले. सांज व्हायची होती. ती चूल फुंकत होती, धुरानं डोळे गळत होते.

"माय," मी म्हणाले, "जेवलीस का?"

तिनं ताटाकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

"ने माघारी," ती म्हणाली.

"माय, पाया पडते. एक घास खा. माझ्यासाठी न्हाई, पण खा."

"तुझ्यावरचा राग न्हाई गं." तिनं घराच्या दाराकडं बघितलं. आत दिपाली भांडी घासत होती. "तुझ्या घरचं ताट म्या घेतलं, अन कोणी पाहिलं, तर लोक म्हणतील, बघा, खरंच सून वाढत न्हाई. त्या लेकराला अजून किती बोल लावू?"

मी ताट उचललं. गल्लीतून जाताना कोणाला दिसू नये म्हणून पदराखाली धरलं अन घरी आले.