यजमानाला नाही म्हणायचं नाही

मला राग पटकन येतो. शारदा, माझी बायको, म्हणते की तो कायम नाकाच्या शेंड्यावरच असतो.

आमचं घर तुळजापुरातल्या पुजाऱ्यांचं. देवीला आलेली माणसं, म्हणजे आमचे यजमान, आमच्याकडं उतरतात, आंघोळी करतात, जेवतात. कोण कुठला हे आम्ही ताट वाढून झाल्यावर विचारतो. त्यामुळे नीरजाला बोलता येऊ लागलं तेव्हापासून एकच शिकवलं, यजमानाला नाही म्हणायचं नाही. परक्या माणसांना काका-मामा म्हणतच पोर बारा वर्षांची झाली.

मी देवळात असलो की माझा फोन तिच्याकडं. "बाबा पूजेत आहेत, मी निरोप देते," असं ती इतकं गोड बोलायची की लोक पुढच्या वेळी तिलाच विचारायचे. मला केवढा अभिमान!

नवरात्राच्या तोंडावर एकाचा मेसेज आला. आम्ही तुमचे जुने यजमान, यंदा येणं जमत नाही, कुमारिकापूजन घरूनच करतो, तुझा साडीतला फोटो पाठव. शाळेत बाईंनी बजावलं होतं, अनोळखी माणसाला फोटो द्यायचा नाही. पण यजमान अनोळखी कसा? तिनं आईची साडी नेसून फोटो पाठवला. मग त्यानं दुसरे मागितले, नको तसले. तिनं दिले नाहीत, तेव्हा म्हणाला, आहे तोच फोटो घाणेरडा करून गावभर पाठवतो.

तीन आठवडे तिनं हे एकटीनं सोसलं. मेसेज पुसत राहिली. एक दिवस फोन माझ्याच हातात असताना त्याचा मेसेज आला. आणि मी काय केलं? तो समोर नव्हता, ती होती. तिला मारलं. सांगायला लाज वाटते, पण मारलं. शारदा मध्ये पडली म्हणून थांबलो.

पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या मॅडमनी सगळं लिहून घेतलं आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता पोरीशी बोला. ओरडू नका, नुसतं बोला."

मंत्र म्हणायला सांगा, तासभर न थांबता म्हणतो. हे जमेना. संध्याकाळी ती गच्चीवर शेंगा सोलत होती. शेजारी बसलो, मीही चार सोलल्या.

"नीरू, चूक तुझी न्हाय. त्या माणसाची हाय, आन माझी."

ती सोलत राहिली.

"यजमान असू दे न्हायतर आणखी कुणी, नको वाटलं की न्हाय म्हणायचं. आन असं काय झालं की पहिलं मला सांगायचं. सांगशील ना?"

"आले होते सांगायला."

"कधी?"

"त्यानं धमकी दिली त्याच दिवशी. लोहारा गावची माणसं जेवायला बसली होती. म्या तुमचा सदरा ओढला. म्हणलं, बाबा, एक सांगायचंय. तुम्ही म्हणलात, यजमान बसलेत दिसत न्हाय का? जा, पाणी आण."

"मग?"

"आणलं पाणी."

ती पंगत मला आठवते. कोण कुठं बसलं होतं, कुणी किती पोळ्या खाल्ल्या, सगळं आठवतं. नीरजा आली होती हे मात्र आठवत नाही. रोज आठवून पाहतो, नाहीच आठवत.