मिटलेल्या ओठांचा फोटो

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. खडूची नव्हे; संगणकाला जोडायची, पेनानं चित्र काढायची. खोक्यावर माझं नाव 'पेन टॅबलेट' असं छापलेलं होतं. माझ्यावर काढलेलं माझ्यावर उमटत नाही. रेघ माझ्या अंगावर ओढतात आणि ती दिसते समोरच्या पडद्यावर. त्यामुळे जन्मभरातलं एकही चित्र मी पाहिलेलं नाही. मला पेनाचा दाब कळतो. आणि ऐकू येतं. कसं, ते विचारू नका.

माझी मालकीण हारिम चित्र थरांत काढते. काचेवर काच ठेवावी, तसा थरावर थर. मीही माझी गोष्ट तशीच सांगते. खालून वर.

सर्वांत खालचा थर : पार्श्वभूमी

दक्षिण कोरियातल्या सोक्चोच्या बंदराजवळ, माकुळं-मासळी वाळत घालतात त्या गल्लीत हारिमचा छोटासा स्टुडिओ आहे. मी नवीकोरी तिथे आले. फिरायला आलेली माणसं भाड्याचा हानबोक, म्हणजे तिथला पारंपरिक पोशाख, घालून खुर्चीत बसायची. हारिम फोटो काढायची आणि मग माझ्यावर त्यांना शंभर वर्षं जुनं करायची. आधी रंग उतरवून चहासारखी छटा द्यायची. कडा धुरकट करायची. मग कोपऱ्यात ओलीचा डाग, कसरीनं खाल्लेलं टोक, मधोमध एखादी घडी. डाग काढताना तिचं पेन टोचायचं नाही, नुसतं टेकायचं. तो स्पर्श मला फार आवडायचा.

"तोंड मिटा," ती प्रत्येकाला सांगायची. "जुन्या फोटोत कुणी हसत नाही."

तरी जे हसायचे, त्यांचे ओठ ती माझ्यावर मिटवायची.

"अय्या, मी अगदी माझ्या पणजीसारखी दिसतेय!" एक बाई म्हणाली.

"पणजीनं बघितलं असतं तर रडली असती," तिचा नवरा म्हणाला, आणि तिनं त्याला चापट मारली. असे छान दिवस होते. लोक हारिमचं कौतुक करायचे आणि त्यातलं थोडं मी स्वतःकडे ठेवायची.

मधला थर : चेहरा

हारिमची आजी बोकसिल रोज स्टुडिओत येऊन बसायची. दोन कोरियांच्या लढाईच्या वेळी, लहान असताना, ती बापाबरोबर उत्तरेकडून बोटीनं इथे आली. आई मागच्या बोटीनं येणार होती. ती बोट आलीच नाही, आणि मग सीमा बंद झाली. आईचा एकही फोटो नव्हता.

ज्यांच्या मरणाची तिथी ठाऊक नाही, त्यांना तिथे नवव्या महिन्याच्या नवमीला पान वाढतात. बोकसिलनं आईला ते कधीच वाढलं नव्हतं. दर वर्षी तिचा मुलगा दोंगसू, म्हणजे हारिमचा बाप, विषय काढायचा.

"आई, अगं तिनं शंभरी कधीच ओलांडली असती."

"असेल ओलांडली. तिकडची हवा थंड आहे, माणसं टिकतात."

"माकूळ टिकतं. माणसं नाही."

"तू गप. जिवंत माणसाला पान वाढू मी?"

पण एके दिवशी सकाळीच ती आली आणि हारिमजवळ स्टूल ओढून बसली.

"नावं विसरायला लागलेय मी. ती गेली तर जाऊ देत," ती म्हणाली. "पण आता आईचा चेहराही जायला लागलाय, पोरी. तो पूर्ण जायच्या आत काढून दे. मग ठेवेन मी पान."

मित्रांनो, त्या दिवसासारखं काम मी पुन्हा केलं नाही. आजी सांगत होती, हारिम काढत होती.

"कपाळ रुंद. अगं एवढं नाही, ते तुझ्या बापाचं! भुवया विरळ. हां... हां... थांब, हीच."

हारिमनं ती भुवई पक्की केली.

"दात पुढे होते. हसली की हात तोंडावर. आणि सारखी हसायची बघ! बाबा ओरडायचे, शेजारी काय म्हणतील. मग तर आणखीच."

पेन थांबलं.

"आजी, त्या काळात तोंडावर हात ठेवून कुणी फोटोला बसत नसे. खरा नाही वाटणार. पानापुढे ठेवायचाय ना?"

आजीनं स्टूल जरा मागे सरकवलं.

"तुझं काम. तुला ठाऊक," ती म्हणाली.

माझ्या अंगावरून एक रेघ गेली. सरळ, आडवी. ओठ मिटले.

वरचा थर : जुनेपणा

डाग, ओरखडे, घडी. सगळं हारिमनं इतकं सुरेख केलं, की नवमीला शेजारच्या बायका म्हणाल्या, "बोकसिल, एवढी वर्षं हा फोटो लपवून ठेवलास होय?" आजी आईपुढे पहिल्यांदा वाकली आणि बराच वेळ उठली नाही. हे मी दोंगसूच्या तोंडून ऐकलं.

पुढे स्टुडिओत नवी पाटी आली. तिच्यावर काढलेलं तिच्यावरच दिसतं. मला खिडकीत ठेवलं. माझ्यावर चहाची किटली ठेवू लागले. तक्रार नाही, पण चटका बसायचा.

आजी येतच होती. आता आलेल्या-गेलेल्याला ती फोटोची गोष्ट सांगायची.

"बोटीत मी हा छातीशी धरला होता. बघा, तिथेच घडी पडली. आई फार कडक बाई. घरात तिच्यापुढे कुणाची टाप नव्हती. तिला हसताना कुणी पाहिलंच नाही."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हारिमच्या हातून काहीतरी खाली पडलं.

त्या दुपारी तिनं किटली उचलली, मला पुसलं आणि संगणकाला जोडलं. नवी पाटी शेजारीच होती. मलाच का घेतलं, ते तिनं सांगितलं नाही. घडी काढली. डाग काढले. मग पेन असं चाललं, जसं पूर्वी कधी चाललं नव्हतं. ओठ उघडत, दातांच्या कडा शोधत, तोंडाकडे येणाऱ्या हाताची बोटं एकेक करून आणत. माझ्या घासलेल्या अंगावर दोनदा पाण्याचा थेंब पडला.

दुसऱ्या दिवशी तिनं तो फोटो आजीच्या मांडीवर ठेवला.

"आजी, ही बघ. तुझी आई. तू सांगितली होतीस तशी."

आजी खूप वेळ बघत राहिली. तिच्या श्वासावरून मला वाटलं, आता ती बोलेल.

"काय छान हसतेय गं ही बाई," ती म्हणाली. "कुणाची आई?"

हारिमनं स्टूल तिच्याजवळ ओढलं.

"ज्या लेकीची असेल तिला नेऊन दे," आजीनं फोटो परत केला. "वाट बघत असेल बिचारी."

मित्रांनो, हारिमनं आजीपुढे पुन्हा तो विषय काढला नाही. हसरा फोटो तिनं माझ्याखाली ठेवलाय. त्याचा कागद मला लागतो, दिसत मात्र नाही. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याच्याजवळ आजच बसा. ते गेलेल्या माणसाबद्दल जे सांगेल, ते तसंच घ्या. पुढे आलेले दात, मोठ्यानं हसणं, शेजाऱ्यांसमोर लाज आणणारं काही असलं तरी त्याला नीटनेटकं करू नका. आणि घ्यायला उशीर करू नका.