मिशीतून निसटणारी हवा

मारोतराव निपाने घोरायला लागले की अख्खी गल्ली हसायची, आणि घोरणं थांबलं की एकट्या इंदूबाईचा जीव गोळा व्हायचा. कारण घोरणं थांबे तेव्हा श्वासही थांबे. मग ती नवऱ्याला गदागदा हलवायची, तो विहिरीतून वर आल्यासारखा हवा ओढायचा, आणि पुन्हा पहिलं सुरू. एकवीस वर्षं ती त्या श्वासाची राखण करत होती, ज्वारीवरची पाखरं हाकायला बाई माचावर बसते तशी. फक्त हिच्या पिकाची कापणी कधी येत नव्हती.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात नागपुरातल्या सदर भागातल्या डॉक्टरांनी विलायतेहून एक पेटी आणली. नाकावर रबरी मुखवटा बांधायचा. पेटी नळीतून हवा फुंकत राहते, गळा मिटत नाही. पंधरा दिवस न्या, जमलं तर ठेवा, नाही तर मागे दुसरे रोगी उभे आहेत, असं ते म्हणाले. आणि दारापर्यंत आल्यावर म्हणाले, मिशी तेवढी काढा, तिच्यातून हवा निसटेल.

मारोतराव हातमाग सोसायटीच्या दुकानात लुगडी विकत, आणि गिऱ्हाईक लुगड्याच्या काठाआधी त्यांची मिशी पाहायचं. पण प्रश्न रुबाबाचा नाही, असं ते स्वतः सांगत. "माहा बाप उमरेडले जित्ता हाय. बाप गेल्यावर मिशी उतरवतेत. आज उतरवली तं लोक काय म्हनतीन?"

मग मिशी सोडून बाकी सगळ्याची दुरुस्ती सुरू झाली.

पहिल्या रात्री मुखवट्याच्या कडेने शिट्टी वाजली. इंदूबाईने पट्टे आवळले. सकाळी गालांवर वळ, शिट्टी कायम. नाक कोरडं पडतं म्हणताच शेजारचे देवाजी धावून आले. ते कूलर बनवत, त्यामुळे नागपुरात हवा फेकणारी कोणतीही वस्तू आपल्याच अखत्यारीत येते अशी त्यांची समजूत होती. त्यांनी पेटीच्या मागच्या जाळीवर ओला वाळा बांधला. मारोतरावांना आधी सुगंध आला, मग नाकात पाणी आलं, मग पेटीच बंद पडली. दोन दिवस ती गच्चीवर कुरड्यांशेजारी वाळत होती. समोरच्या कौशल्याबाईंनी निदान केलं की तोंड उघडं राहतं, जबडा फडक्याने बांधा. बांधला, पण आरशात पाहून मारोतरावांनीच तो घाईने सोडला. असा जबडा कोणाचा बांधतात हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी सुताला लावायची खळ मुखवट्याच्या कडेला फासली. मिशी ताठ वाळली आणि हवा सुरात निसटू लागली.

बाराव्या दिवशी इंदूबाई कोणाला न विचारता उमरेडच्या एसटीत बसली आणि सासऱ्याला घेऊन आली.

धोंडबांचा ऐंशी वर्षांचा जन्म मागावर गेलेला. दुपारचं जेवण झाल्यावर त्यांनी पोराला आडवं केलं, मुखवटा बांधायला लावला, धोतराच्या काठातून एक सूत उपसलं आणि मुखवट्याभोवती फिरवलं. गालाशी सूत गप्प. हनुवटीशी गप्प. मिशीपाशी आलं आणि नाचायला लागलं.

"अथीसा भोक हाय गा," म्हातारा मिशीवर बोट ठेवून म्हणाला. "काहून ठेवून राहिला हे?"

मारोतरावांनी मुखवटा सोडला. "बाबा, तुमी जित्ते असून कशी काढू?"

"माह्यासाठीच काढाची हाय न? मंग मी पाहून राहिलो तवर काढ." म्हाताऱ्याने सूत बोटाला गुंडाळलं. "अन् तू माह्या आधी गेला, तं मी काय काढू?"

मारोतरावांनी न्हाव्याला निरोप धाडला. 

नत्थू न्हावी आला. त्याने काही विचारलं नाही. मान खाली घालून वस्तरा चालवला, हात जोडले आणि निघताना गल्लीत बातमी सोडत गेला.

चार वाजता माणसं जमू लागली. कौशल्याबाईंनी भाकरी-पिठलं आणलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. देवाजी ओसरीवरच्या बाजेवर, तिथं बसलेल्या म्हाताऱ्याशेजारी टेकले आणि डोळे पुसत म्हणाले, "मारोतरावचा बाप गेला म्हनते."

"असं का?" धोंडबा म्हणाले. "मानूस कसा होता?"

"लय मोठ्या मनाचा," देवाजी म्हणाले. त्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

धोंडबांनी समाधानाने मान हलवली आणि गुणवर्णन पुढे चालू द्या, पण हळू आवाजात, अशी खूण केली.

आत पेटी एका लयीत गुणगुणत होती. मारोतरावांची छाती वर जायची, खाली यायची. इंदूबाई उंबऱ्याशी बसून तो श्वास ऐकत होती. आता थांबेल, आता थांबेल, म्हणून तिने कितीदा अंग सावरलं. तो थांबलाच नाही. मग भाकरीची टोपली मांडीवर तशीच राहिली आणि चौकटीला टेकल्या टेकल्या तिचे डोळे मिटले.

देवाजींनी आत डोकावलं. शोकाने बाई कोसळली असं त्यांना वाटलं. उठवू का, म्हणून त्यांनी विचारलं.

"झोपू दे गा तिले," धोंडबा म्हणाले. "आलेल्या लोकाईले च्या मी देतो."