समोरच्या घराची दारं

खिटीवर ठेवलेला हात तोकुजीने मागे घेतला. रोज उठल्याबरोबर तो व्हरांड्याची सरकती लाकडी दारं एकेक करून ढकलायचा. ती खडखडत भिंतीलगतच्या कोनाड्यात जाऊन बसली की समोर शेतं दिसायची आणि शेतांपलीकडे किनुएवहिनींचं घर. आज त्याने एकही दार हलवलं नाही. अंधारात चाचपडत तो बैठ्या टेबलापाशी आला आणि टेबलावरून सोडलेल्या रजईत पाय खुपसून बसला.

"बघूच आता," तो स्वतःशीच म्हणाला.

ही कळ मुलाने लावली होती. यासुनोरी सेंदाई शहरात असायचा, सातव्या मजल्यावर, आणि बापाने तिथे राहायला यावं म्हणून आई गेल्यापासून मागे लागला होता. काल फोनवर तेच पुन्हा निघालं.

"बाबा, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर आठवडाभर कोणाला पत्ता लागायचा नाही."

"समोर किनुएवहिनी आहेत. माझी दारं बंद दिसली की असतील तशा धावत येतील."

"त्या ब्याऐंशीच्या आहेत. त्यांना स्वतःची दारं तरी दिसतात का?"

"तुझ्यापेक्षा लांबचं दिसतं त्यांना."

"मग एक दिवस उघडू नका. बघा कोण येतंय ते."

"नाहीच उघडत. आणि कोणी आलं नाही तर रविवारी गाडी घेऊन ये. मुकाट्याने बसेन."

रागाच्या भरात तो बोलून गेला आणि मग शब्द मागे घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पण मनातून त्याला खात्री होती. सकाळी दारं उघडली म्हणजे घरात सगळं ठीक आहे, ही या वस्तीची जुनी रीत. ती कोणी कोणाला शिकवली नव्हती. बायको अंथरुणाला खिळली होती तेव्हा एकदा त्याला दारं उघडायला उशीर झाला, तर वहिनी मागच्या दाराने भाताची पेज घेऊन हजर. आता डोंगराच्या बाजूची घरं कायमची बंद झाली होती. उरली होती ही दोनच, एकमेकांकडे तोंड करून.

फळीच्या फटीतून त्याने पाहिलं. वहिनींची दारं केव्हाच उघडली होती. म्हणजे येणार. त्याने दोन पेले काढले, मुळ्याचं लोणचं कापून बशीत ठेवलं आणि केस विंचरले. मग आजारी माणसाचे केस इतके चापूनचोपून कसे असतील, असं वाटून पुन्हा विस्कटले. बरं नव्हतं म्हणावं की उठवलंच नाही म्हणावं, हेही त्याने ठरवून पाहिलं. हाक आली की जरा वेळ थांबून मग ओ द्यायची.

हाक आली नाही.

फटीतून आलेली उन्हाची रेघ चटईवरून सरकत कपाटापर्यंत गेली. गावच्या भोंग्यावर दुपारची धून वाजली. पाटाच्या बाजूने एकदोनदा बगळा ओरडल्यासारखा आवाज आला. भाताची कापणी झाली, शेतं रिकामी पडली की बगळे यायचेच, माणूस मात्र तिकडे फिरकत नसे. त्याने पुन्हा फटीला डोळा लावला. वहिनींची दारं सताड उघडी, अंगणात कोणी नाही.

"बसली असेल चहा ढोसत," तो पुटपुटला. गेल्या थंडीत छपरावरचं बर्फ उतरवताना त्याची कंबर धरली होती, ते छप्पर कोणाचं? पाटाचं पाणी तिच्या शेताला आधी कोण सोडायचं? एकेक आठवत गेलं तसा त्याचा संताप वाढला आणि मग संताप ओसरून नुसतंच वाईट वाटत राहिलं. लोणच्याच्या कडा सुकल्या होत्या. या जगात आपण आहोत की नाही याने कोणाला काडीचा फरक पडत नाही, असं त्याला वाटलं आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस रजईत तोंड घालून रडला.

तोंड धुऊन त्याने यासुनोरीला फोन लावला.

"रविवारी ये."

"आल्या नाहीत?"

"नाही."

"वाईट वाटलं, बाबा."

"तुला कशाला वाईट वाटतंय? जिंकलास की."

मग मात्र त्याला घरात बसवेना. जायचंच आहे तर तिला दोन शब्द सुनावून जावं. एक दार अंगापुरतं सरकवून तो बाहेर पडला आणि तरातरा बांधावरून निघाला. ऊन कलायला लागलं होतं.

बांधाच्या मध्यावर चिखलात एक सपात पडली होती. लाल, कापडी, घरात घालायची. तोकुजी थबकला. घरातल्या सपाता घालून कोणी अंगणात पाऊल टाकलं तर वहिनी त्याची सात पिढ्यांची अक्कल काढायच्या. त्यांच्या घरातली सपात उंबऱ्याबाहेर आलेली त्याने जन्मात पाहिली नव्हती.

"वहिनी!"

बांधाखालचा पाट कोरडा होता. वाळक्या पानांत त्या एका कुशीवर पडल्या होत्या, एक पाय भलताच वळलेला. त्याचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली आणि नुसत्या बघत राहिल्या.

"जिवंत आहेस?" ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता.

"मी? अहो, तुम्ही इथे..."

"जिवंत आहेस रे मेल्या!" आणि त्या रडायलाच लागल्या. "सकाळी तुझी दारं बंद दिसली. म्हटलं, गेला. तशीच पळाले नि घसरले. दिवसभर मनात तेच, तो तिथे पडलाय आणि मी इथे. कोणाला म्हणून हाक मारू?"

तोकुजीने अंगातला कोट काढून त्यांच्यावर घातला. मग फोन करून मदत मागवली. रुग्णवाहिका खालच्या गावातून येणार होती. तोवर तो त्यांचं डोकं मांडीवर घेऊन पाटात बसून राहिला.

"काय झालं होतं रे? दारं का उघडली नाहीस?"

खरं सांगायला त्याने तोंड उघडलंही.

"झोप लागली होती, वहिनी."

"आत्तापर्यंत?" त्या हसायला गेल्या आणि कण्हल्या. "भाग्यवान आहेस. मला गोळी घेऊनही लागत नाही."

स्ट्रेचरवर घातल्यावर त्यांनी त्याची बाही धरली.

"माझी दारं लावून घे. आणि हे बघ, आता मी दवाखान्यात. तू उठलास की नाही, कोण बघणार रे?"

गाडी वळणाआड गेली. तोकुजी त्यांच्या घरी गेला, पायरीवर बूट काढले आणि दारं लावायला आत आला. टेबलावर अर्धा खाल्लेला भात होता, वाडग्यावर जेवायच्या काड्या आडव्या. टीव्ही अजून चालूच होता. वहिनींचं बसायचं आसन टेबलाच्या ज्या बाजूला होतं, तिथून टीव्हीकडे पाठ व्हायची. बसून बसून त्याला मध्यभागी खळगा पडला होता.

तोकुजी त्या आसनावर बसला. शेतांपलीकडे, नाकासमोर, त्याचं घर होतं आणि घरात कोणी नव्हतं.