नाव नसलेलं वखद

बाबली लबाड नव्हता हो, हौशी होता, इतकंच. चौसष्ट साली बांद्याच्या वरच्या अंगाला त्यांच्या वाडीत भाताला खोडकिडा लागला आणि पहिला फवारा मारायचा मान त्याने अगदी ओढून घेतला. पाठीवर पंचायतीचा पंप, तोंडाला बायकोच्या जुन्या लुगड्याची चिंधी आणि हातात बांद्याहून आणलेली बाटली. दुकानदाराने मोठ्या डब्यातून सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिलेली. "ह्या वखद," दुकानदार म्हणाला. बाबलीही घरी येऊन "वखद" म्हणाला. वखद म्हणजे औषध. आता औषधाला कोण कशाला भिईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी शेताचं पाणी उतरतं त्या खालच्या व्हाळात मासे पोट वर करून तरंगत होते. वाडीला त्याचं काही विशेष वाटलं नाही. रानातली गेळफळं ठेचून कोंडीत घातली की मासे झिंगून वर येतात, ते धरून खायचे, कोणाचं काही बिघडत नाही, ही तिकडची बापजाद्यांपासूनची रीत. कोणीतरी रात्री गेळ घातला असणार, असं सगळे समजले. त्यात श्रावण लागल्यापासून घरोघरी मासळीचं वशाट बंद, गणपती पोचवून दोनच दिवस झालेले, जिभा नुसत्या वळवळत होत्या. बाबलीने तर शेजारच्या शेवंतीला हाक मारून स्वतःच्या हाताने तिची टोपली भरली.

"घेवन जा गो शेवंते, फुकटचो बाजार! विमलाक पोटभर घाल!"

शेवंती विधवा बाई, पदरात आठ वर्षांची विमला. ती हसतच घरी गेली.

उन्हं वर आली तेव्हा बाबलीच्या चुलीवर माशांचं तिकलं रटरटत होतं आणि त्याची बायको सुगंधा पानं मांडत होती. इतक्यात शेतकी खात्याचा गुरुदास सायकलवरून फवारणी बघायला आला. कुडाळचा पोरगा, पण कचेरीत लागल्यापासून बोलणं एकदम पुस्तकी. "औषध कोणतं वापरलंत आपण?" असं विचारता विचारता त्याची नजर अंगणातल्या खवल्यांवर गेली.

"हे मासे व्हाळातले?"

"तर! येवा, जेवकच बसा."

गुरुदासाचं पुस्तकी मराठी तिथल्या तिथे गळून पडलं. "खाव नको रे! खाव नको!" असं ओरडत तो चपलांसकट स्वयंपाकघरात घुसला आणि चुलीवरच्या मडक्याला त्याने लाथ मारली. तिकलं पेटत्या लाकडांवर सांडलं. सुगंधा किंचाळली. परका माणूस, चपला घालून चुलीपर्यंत, आणि वर अन्नाला लाथ! बाबलीने त्याची गचांडी धरली.

"आवशीचो घोव! जीव घेयन तुजो!"

"तुमच्याच वखदान मेलेत ते मासे! गेळ न्हय तो, ईख आसा! इतर कोणी नेले?"

बाबलीच्या हातातली गचांडी सुटली. त्याला टोपली आठवली.

ते पोचले तेव्हा शेवंतीने अजून घास घेतला नव्हता. लेकीला आधी वाढायची तिची सवय. विमला भिंतीला टेकून थरथरत होती, तोंडाला फेस. बाबलीने पोरीला खांद्यावर टाकलं आणि बांद्याची वाट धरली. पन्नाशीचा गडी, पण असा पळाला की शेवंती मागे राहिली. सगळ्या वाटेभर एकच बोलत होता, "मरा नको गो बाय, माज्या हातान मरा नको."

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न टाकला, "विषाचं नाव काय?"

"वखद," बाबली म्हणाला.

"अहो, नाव! कुठलं औषध? मी उपाय कशावर करू?"

बाबली रडायला लागला. बाटलीवर चिठ्ठी नाही, अक्षर नाही, दुकानदाराने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. तेवढ्यात दारात सायकल आपटली. गुरुदास सुगंधाला दुकान विचारून थेट तिथे जाऊन तो मोठा डबाच उचलून घेऊन आला होता. दुकानदार मागून शिव्या घालत होता. डब्यावर इंग्रजीत नाव होतं, खाली कवटीचं चित्र होतं. डॉक्टरांनी वाचलं आणि ते कामाला लागले.

तीन दिवसांनी विमलाने पेज मागितली.

बाबली बाहेर आला तेव्हा गुरुदास पायरीवर बसून होता. तो उठून म्हणाला, "तुमच्या चुलीचा मी अपमान केला, तक्रार केलीत तरी माझी ना नाही."

"तक्रार? अरे, तेच पाय माका दी." बाबली वाकलाच. गुरुदास मागे सरकला, पण बाबलीने पाय सोडले नाहीत. "तुझे उपकार ह्या जन्मात फिटूचे नायत रे. माज्या घरची चार माणसा आणि ह्या पोर, पाच जीव तू दिलंस. पण माका सांग, असा ईख सरबताच्या बाटलेत विकूक बंदी नाय?"

"नाही. तसा कायदाच नाही अजून. मी वर लिहिणार आहे."

"मगे लिव. आणि माजा नाव घाल. बाबल्यान घातल्यान, बाबल्यान वाटल्यान, असा लिव."

कायदा पुढे अडुसष्ट साली आला. वाडीने तोवर वाट बघितली नाही. विमला हिंडूफिरू लागली त्या सोमवारी सगळे देवळासमोर जमले. बाबलीने सर्वांसमोर चूक कबूल केली, शेवंतीपुढे हात जोडले. शेवंती रडत म्हणाली, "धावलंस तूच मा रे भाऊ." मग मानकरी गंगारामाने नारळ हातात घेऊन देवाला गाऱ्हाणं घातलं. ते संपलं की पुरुषांनी एका आवाजात होकार द्यायचा, अशी रीत.

"बा देवा म्हाराजा, तुज्या लेकराक तू राखलंस, तेचे उपकार आसत. आजपासून नाव नसलेली बाटली कोण ह्या गावात आणूचो नाय, आणि वखद मारल्यावर व्हाळातलो मासो कोण धरूचो नाय..."

गाऱ्हाणं संपायच्या आधीच, पुरुषांच्या घोगऱ्या आवाजांच्या पुढे, बायकांच्या घोळक्यातून एक बारीक आवाज खणखणला, "व्हय म्हाराजा!"

सगळे हसले. गंगारामही हसला. बाबली तेवढा हसला नाही, तो हुंदके देत उभा राहिला आणि विमलाच्या मागोमाग म्हणाला, "व्हय म्हाराजा."