जीभबाई आणि सुनेचा सॉस

जीभबाईंच्या पसंतीला उतरतील अशा वस्तू जगात फार थोड्या होत्या, आणि सुनेच्या हातचा टोमॅटोचा सॉस त्यांत मुळीच नव्हता.

डबाबंद पदार्थांच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म चव पाहण्यात घालवला होता. निवृत्त झाल्या तेव्हा त्या चव-विभागाच्या प्रमुख होत्या. अंगात पांढरा डगला, समोर कोमट पाण्याचा पेला, हातात चमचा. चमचाभर तोंडात घ्यायचं, टाळूवर घोळवायचं, बशीत थुंकायचं आणि म्हणायचं, "ओता गटारात." मग माणूस बुडेल एवढ्या कढया रिकाम्या व्हायच्या आणि मॅनेजर हात चोळत उभा राहायचा. 'जीभबाई' हे नाव कामगारांनी त्यांच्या माघारी ठेवलं होतं. ते कानावर आलं तेव्हा बाई रागावल्या नाहीत. त्या कारखान्यात कुणाला तरी एकदाचा नेमका शब्द सापडला, याचंच त्यांना कौतुक वाटलं.

स्वतः मात्र त्यांनी कधी रांधलं नाही. घरी यजमानांनी रांधलं आणि बाईंनी निकाल दिले. यजमान गेल्यावर त्या मुलाकडे राहायला आल्या, आणि निकालाची पाळी सुनेवर आली.

सून गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर शिकाऊ माणसाशेजारी बसायचं, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवायचा आणि गाडी फुटपाथवर चढत असली तरी थंड आवाजात म्हणायचं, "छान. आता जरा डावीकडे." बाईंच्या मते ती स्वयंपाकही तसाच करायची. कुठे चाललोय याचा पत्ता नाही, पण गिअर टाकलेला. दर रविवारी पास्ता, त्यावर टोमॅटोचा सॉस आणि त्या सॉसमध्ये मूठभर सुक्या लाल मिरच्या चुरडलेल्या.

"एवढं तिखट कशाला लागतं, ठाऊक आहे?" बाई मुलाला ऐकवायच्या, म्हणजे सुनेला ऐकवायच्या. "खालचं काही कळू नये म्हणून. टोमॅटो कच्चा राहिला, लसूण करपला, सगळं त्यात झाकून जातं. आमच्याकडे असला माल यायचा ना, तेव्हा आधी मी आचाऱ्याचं नाव विचारायची."

"आचाऱ्याचं नाव तुम्हाला माहीत आहे आई," सून म्हणायची. "अजून वाढू?"

मुलगा ताटात बघत राहायचा. त्याच्याकडून याहून जास्त शौर्याची अपेक्षा बाईंनी फार पूर्वीच सोडली होती.

मग थंडीत बाईंना ताप आला. चांगला जोराचा आला. उतरला त्या सकाळी त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि सवयीने तोंड उघडलं, "ही कॉफी आहे की..." वाक्य तिथेच अडलं. कॉफी कशासारखी लागतेय हेच त्यांना कळेना. तोंडात काहीतरी गरम आणि ओलं होतं, एवढंच.

घरात कुणी नसताना त्यांनी स्वयंपाकघरातली एकेक बरणी उघडून नाकाशी धरली. व्हिनेगर, दालचिनी, कॉफीची पूड, शेवटी तर भांड्यांचा साबण. काही नाही. मीठ चाटलं, साखर चाटली. दोन्ही वाळू.

सांगायचं कुणाला? एखाद्या गवयाचा गळा गेला तर लोक हळहळतात. जीभबाईंची जीभ गेली म्हटल्यावर सगळा कारखाना पोट धरून हसला असता, आणि गटारात गेलेल्या प्रत्येक कढईचा सूड उगवला असता. बाईंनी तोंड मिटून ठेवलं. म्हणजे निकालापुरतं उघडं ठेवलं. जेवायला बसलं की मुलाचा चेहरा न्याहाळायचा. त्याने मिठाकडे हात नेला नाही, की ठामपणे म्हणायचं, "मीठ चिमूटभर जास्त." या निकालाला आव्हान देण्याची त्या घरात कुणाची छाती नव्हती. लोक इतके सहज फसतात हे पाहून बाईंना त्यांची आणखीच कीव आली.

असे काही आठवडे गेले. सून त्या दिवसांत रविवारीही शिकवणीला जात होती. ती मोकळी झाली आणि पुन्हा एकदा तो लाल सॉस पानात आला. बाईंनी कपाळाला आठ्या घालून घास तोंडात टाकला, आणि थबकल्या.

तोंडात काहीतरी घडत होतं. आधी जिभेच्या टोकाला एक ठिणगी, मग कडांनी सरकत गेलेली ऊब, मग टाळू, घसा, कान. चव नव्हतीच ती. पण काहीतरी होतं! कोणीतरी अखेर दार ठोठावलं होतं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"जास्त तिखट झालं का, आई?" मुलगा घाबरून म्हणाला.

"भयंकर झालंय," बाई नाक पुसत म्हणाल्या. "माणसांनी खाण्यासारखं नाही." आणि ताटली पुढे केली. "वाढ अजून. नीट कळलं पाहिजे, किती वाईट आहे ते."

बाईंनी तिसऱ्यांदा वाढून घेतल्यावर सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पाणी प्यायला.

पुढचा रविवार येईपर्यंत बाईंना दम निघेना. त्यांनी नुसती मिरची चावून पाहिली. ती घशाला चटका देऊन निघून गेली. सॉसमधलं तिखट तेलाला धरून हळूहळू यायचं आणि आल्यावर रेंगाळायचं. ते हवं होतं. सुनेला करायला सांगणं म्हणजे तिच्यापुढे नाक घासणं. तेव्हा एका दुपारी बाईंनी पदर खोचला. त्यात काय एवढं? गाडी शिकवणाऱ्या बाईला जे जमतं, ते न जमायला झालंय काय?

लसूण ठेचून त्यांनी तापल्या तेलात टाकला आणि पाठ फिरवून टोमॅटो चिरायला घेतले. आयुष्यभर तयार माल चाखणाऱ्या माणसाला चिरायला वेळ लागतोच. टोमॅटो कढईत पडले तेव्हा लसूण काळाठिक्कर झाला होता, पण बाईंचं लक्ष मिरच्या चुरडण्यात होतं. मीठ घातलं, घातलं की नाही ते आठवेना, चाखून कळेना, म्हणून पुन्हा घातलं. सॉस रटरटला. बाईंनी वाडगा भरून घेतला आणि टेबलाशी बसून चमच्याने खायला लागल्या. ऊब आली. त्यांनी डोळे मिटले.

सुनेचा दुपारचा शिकाऊ आला नव्हता, म्हणून ती घरी परतली. जळका वास तिला जिन्यातच लागला. धावत येऊन दार उघडलं तर घरात निळसर धूर, आणि धुरात सासूबाई शांतपणे जेवताहेत.

"आई! काय जळलं?"

"काय जळायचंय? खिडकी उघड, उकडतंय."

सुनेने खिडकी उघडली, कढईत बोट बुडवून चाटलं आणि तशीच मोरीकडे पळाली. चूळ भरून आली तेव्हा तिने चेहरा सरळ केला होता.

"कसा झालाय?" तिने विचारलं.

बाईंनी चमचा खाली ठेवला. समोर पाहण्याजोगा चेहरा एकच होता आणि तो काही सांगत नव्हता. "बरा आहे," त्या म्हणाल्या. "मीठ चिमूटभर जास्त."

सून खुर्ची ओढून समोर बसली. शिकाऊने लाल दिवा तोडला की तिचा आवाज असाच थंड व्हायचा.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"आई, लसणाचा कोळसा झालाय. मीठ इतकं आहे की जीभ सोलून निघाली. कधीपासून कळत नाहीये तुम्हाला?"

"ताप आल्यापासून," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "आणि तो चेहरा करू नकोस. मला दया नको आहे."

"दया?" सुनेचा आवाज पहिल्यांदाच चढला. "इतके दिवस माझ्या प्रत्येक पदार्थाला नावं ठेवलीत, आणि तुम्हाला कळत काहीच नव्हतं?"

"कळत होतं तेव्हाही वाईटच होते ते."

सून एकदम खळखळून हसत सुटली. बाईंना तो मोठा उद्धटपणा वाटला. पण हसणं थांबेपर्यंत त्या उठून गेल्या नाहीत, हेही खरं.

डॉक्टर म्हणाले, चव येईलही, न येईलही. "एवढं सांगायला शिकावं लागतं?" बाई दवाखान्याच्या जिन्यातच म्हणाल्या. पुढे महिनाभर तरी चव आली नाही. रविवार मात्र बदलला. सून लसूण टाकते, बाई शेजारी उभं राहून डोळ्यांत तेल घालून बघतात. रंग पालटला की ओरडतात, "उतरव! सोनेरी म्हणजे सोनेरी, तपकिरी नव्हे!" आणि सॉस शिजला की सुनेने चाखून सांगायचं.

"छान झालाय."

"छान ही काय चव आहे? छान हवा असते. आधी काय येतं, मागून काय येतं, ते सांग."

सुनेने पुन्हा चमचा तोंडात घेतला. बाईंनीही घेतला. त्यांच्या जिभेवर फक्त ती ऊब चढू लागली.

"आधी आंबट," सून डोळे मिटून म्हणाली. "कच्चं नाही, उन्हात राहिलेल्या टोमॅटोसारखं. मग लसणाचा गोडवा. आणि शेवटी... जरासं लोखंडासारखं."

"लोखंड नाही ते. टोमॅटोच्या बिया ठेचल्या गेल्यात, त्यांचा कडवटपणा," बाई तुच्छतेने म्हणाल्या. "इतकंही कळू नये!"

मग पुन्हा चमचाभर तोंडात घेऊन त्यांनी मान हलवली. "हं. गोडवा कसा होता म्हणालीस? सावकाश सांग."